कोकणात पहिल्यांदाच घर बांधताय? मग सुरुवात अंगणापासून करा

मी रत्नागिरीकडे छोटी कामं घेतो. नवीन घर, जुन्या घराची दुरुस्ती, पडवी वाढवणं, गडगा (दगडी कुंपण), अंगण असली. मोठी बिल्डिंग वगैरे आपलं काम नाही. माझ्याकडे येणारे बरेचसे मुंबई-पुण्याचे चाकरमानी, गावाला वडिलांची जागा आहे, रिटायरमेंट जवळ आलीय किंवा नुसतंच गणपतीला हक्काचं घर पाहिजे, आणि बांधकामाचा अनुभव शून्य. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधीच एक सांगून ठेवतो. पहिल्या मीटिंगला माणूस बेडरूम किती, किचन ओट्याला ग्रॅनाईट कुठला, बाथरूमच्या टाईल्स कुठल्या ह्यावर दोन तास बोलतो आणि बाहेरचं काय विचारलं की म्हणतो "ते नंतर बघू हो". मग पैसे नेमके तिथेच संपतात. पडवी राहते अर्धी, अंगणात चिखल, गडगा पुढच्या वर्षी. अहो कोकणात आठ महिने माणूस बसतो पडवीत आणि खळ्यात (घरापुढच्या अंगणात), आणि उरलेले चार महिने पाऊस बाहेरूनच आत शिरायला बघत असतो, त्यामुळे बाहेरचं आधी ठरलं की आतलं घर आपोआप बरोबर बसतं असा माझा अनुभव आहे.

पायरी १: कागद

हे कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. सातबारा आणि आठ अ काढा, आणि सातबारावर नावं किती आहेत ते नीट वाचा. आपल्याकडे एका सातबारावर काका, चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचंच. "सगळे आपलेच आहेत" म्हणून काम सुरू केलं आणि जोत्यापर्यंत (घराच्या चौथऱ्यापर्यंत) आल्यावर बोरिवलीच्या चुलतभावाने अर्ज टाकला, असं होतं. वाटप झालं नसेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, ती आधी. मग तालुक्याच्या भूमी अभिलेखमधून मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड बसवून घ्या आणि मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात ठेवा. जागा गावठाणात आहे की शेतीची, बिनशेती लागणार का, बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीत की वर, हे ग्रामसेवकाला आणि तहसीलला जाऊन स्वतः विचारा, शेजाऱ्याला चार वर्षांपूर्वी काय लागलं त्यावर जाऊ नका. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठाला असाल तर सीआरझेडचं (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं) प्रकरण येतं, ते मिटल्याशिवाय एक दगडही टाकू नका.

आणि आपल्याच जागेत कॉन्ट्रॅक्टर लावून घर बांधताना "रेरात तक्रार करीन" हे चालत नाही बरं का, ते फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसाठी आहे. तुमच्यासाठी तुमचा करार हाच कायदा. त्यावर पुढे येतो.

पायरी २: जागा पावसात बघा

सगळे जागा बघायला मे महिन्यात येतात, आंबे खायला आलेलेच असतात. मेमध्ये सगळी जागा छान दिसते हो. जुलैमध्ये या, छत्री घेऊन उभे राहा आणि वरच्या चढावरून पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून खाली उतरतं ते बघा आणि मोबाईलवर शूटिंग करून ठेवा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक जागा उताराच्या. पाण्याची जुनी वाट जिथे आहे तिथे घर बसवलं तर पाणी वाट बदलत नाही, ते तुमच्या घरातून जातं. वाट बाजूने न्यायची असेल तर चर किती मोठा लागेल हेही त्या शूटिंगवरूनच कळतं.

पायरी ३: आधी बाहेरचा नकाशा

कागदावर घराचा चौकोन काढायच्या आधी ह्या गोष्टी टाका: गेट कुठे, गाडी कुठे वळणार, विहीर किंवा बोअर कुठे, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे, तुळस कुठे, धुण्याचा दगड कुठे, पाऊसपाणी कुठून बाहेर जाणार. शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी लांब पाहिजे आणि विहिरीच्या खालच्या अंगाला, कारण आपल्या जांभ्यातून (कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडातून) पाणी झिरपत कुठल्या कुठे जातं. शेजाऱ्याची विहीरही मोजा, नुसती आपली नको.

आता पडवी. लोक ५ फुटी पडवी काढतात, पैसे वाचवायला. ५ फुटात खुर्ची ठेवली की माणूस आडवा होऊन जातो, आणि पावसाची झड आली की भिंतीपर्यंत ओलं. ८ फूट ठेवा कमीत कमी, १० मिळाली तर उत्तम, त्यासाठी हॉल दोन फूट लहान झाला तरी चालेल, कारण गावाला हॉलमध्ये बसतं कोण. वरचं छप्पर भिंतीच्या किंवा खांबाच्या बाहेर अडीच-तीन फूट आलं पाहिजे म्हणजे पागोळ्या जोत्यावर पडणार नाहीत.

झोपाळा लावायचाय? सगळ्यांनाच लावायचा असतो. तर तो आत्ताच सांगा. त्याच्या कड्या बीमच्या सळईत अडकवून काँक्रीटच्या आधी सोडायच्या असतात, मागाहून ड्रिल मारून फास्टनर ठोकलेला झोपाळा मला तरी झेपत नाही, चार पोरं बसतात त्यावर. आणि झोपाळा हलणार, म्हणून पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे धरा.

बाहेरचे लाईटचे पॉईंट, गेटजवळ नळ, खळ्यात गणपतीच्या किंवा लग्नाच्या मांडवासाठी पाईप उभे करायच्या खाचा, हे सगळं ह्याच कागदावर. अंगण फरसबंद झाल्यावर "अरे गेटला लाईट राहिली" म्हणून सगळं उकरणारे मालक मी पाहिलेत. नळ आणि वायर मागाहून टाकायच्या असल्या तरी अंगणाखालून ३-४ इंची पीव्हीसी पाईप मोकळा टाकून ठेवा, दोन्ही टोकं बंद करून. खर्च किरकोळ, उपयोग जन्मभर.

हा कागद घेऊन मग इंजिनिअरकडे जा. नकाशा आणि आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) डिझाईन सही-शिक्क्याचं घ्या. "मिस्त्रीला सगळं माहितीय" हे स्टीलच्या बाबतीत चालवू नका, मी स्वतः मिस्त्रीच्या अंदाजाने बीम टाकत नाही.

पायरी ४: कॉन्ट्रॅक्टर शोधणं

फोटो बघू नका, फोटोत सगळ्यांची घरं सुंदर. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेलं घर दाखवायला सांगा आणि तिथल्या मालकिणीशी बोला, मालकाशी नाही. गळतं कुठे, मोरीचं पाणी तुंबतं का, काम संपल्यावर फोन उचलतो का, हे ती बरोबर सांगते. मग सध्या चालू असलेल्या साईटवर न सांगता जा. सिमेंट फळ्यांवर ठेवलंय की जमिनीवर, चिऱ्यांच्या (जांभ्याच्या घडीव दगडांच्या) भिंतीवर पाणी मारलेलं दिसतंय का, सळया गंजत पडल्यात का एवढं बघितलं तरी माणूस कळतो. एकाच वेळी त्याची किती कामं चालू आहेत तेही विचारा, कारण छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे गवंड्यांची टोळी एकच असते आणि ती ज्या साईटवर पैसे मिळाले तिकडे पळते. आमच्या धंद्याचं हे खरं आहे, लपवून काय करू.

पायरी ५: दर आणि करार (इथे घाई नको)

दर दोन प्रकारचे. एक नुसती मजुरी, माल तुमचा. दुसरा मालासकट. मुंबईत राहून नुसत्या मजुरीवर काम द्यायचं असेल तर गावात भरवशाचा माणूस रोज साईटवर पाहिजे, नाहीतर सिमेंट कुठे गेलं, खडी किती आली ह्याचा हिशोब लागत नाही. मालासकट दिलं तर तुमचं डोकं शांत, पण मग कुठला माल ते लिहून घ्यावं लागतं: सिमेंटचा ग्रेड आणि कंपनी, स्टीलची कंपनी, वायरिंगची कंपनी, टाईल्स किती रुपये फुटापर्यंत, दरवाजे कुठल्या लाकडाचे. "चांगल्या प्रतीचे" असं लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच.

आता भांडणाचं मूळ. दर चौरस फुटाला ठरतो, पण कुठल्या चौरस फुटाला? बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून माप घेतात बहुतेक, ते ठीक, पण पडवी पूर्ण दराने की अर्ध्या? छज्जा धरायचा का? जिना दोनदा मोजणार का? जोतं दीड फुटाच्या वर गेलं तर जादा पैसे का? सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, गडगा, अंगण, गेट दरात आहे की वेगळं? समोरचा दर १०० रुपयांनी कमी सांगतो आणि ह्यातली निम्मी कामं बाहेर ठेवतो, तुम्ही खूश होऊन सही करता आणि शेवटी बिल जास्त होतं. म्हणून तीन जणांचे दर मागवलेत तर आधी तिघांना एकच यादी द्या, सगळ्या बाहेरच्या कामांसकट, आणि मगच तुलना करा.

करार योग्य किमतीच्या स्टँप पेपरवर करा. नकाशा आणि यादी त्याला जोडा, दोघांच्या सह्या प्रत्येक पानावर. पैसे तारखेवर देऊ नका, टप्प्यावर द्या: सुरुवातीला थोडा ॲडव्हान्स, मग जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी), स्लॅब, प्लास्टर, फरशी असं. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा होईपर्यंत तुमच्याकडे राहतील हे आधीच लिहा. चांगला कॉन्ट्रॅक्टर ह्याला थोडी कुरकुर करून हो म्हणतो, जो एकदम भडकतो त्याच्याबद्दल विचार करा. वाढीव कामाचं एकच सूत्र, काम करायच्या आधी व्हॉट्सॲपवर काय काम आणि किती पैसे हे लिहायचं आणि दोघांनी ओके म्हणायचं. वहिनींनी साईटवर येऊन खिडकी सरकवायला सांगितली तरी.

पायरी ६: कॅलेंडर

काम दसरा-दिवाळीच्या मध्ये कुठेतरी सुरू झालं पाहिजे. त्याचा अर्थ नकाशा, परवानगी, करार हे पावसाळ्यातच उरकायचं. चिऱ्याच्या खाणी पावसात बंद असतात, पाऊस संपल्यावर सुरुवातीला चिऱ्याला मागणीही खूप, म्हणून बुकिंग आधी. डिसेंबरपर्यंत जोतं, फेब्रुवारी-मार्चला स्लॅब, एप्रिलअखेर छप्पर आणि बाहेरचं प्लास्टर, मे महिन्यात अंगण, गटार, गडगा. शिमग्याला गावची माणसं मिळत नाहीत आणि मतदान-सणाला कर्नाटकातले कामगार गावी जातात, ते आठवडे धरूनच चाला. "भाऊ, गणपतीला घरात जायचंय" असं मार्चमध्ये येऊन सांगणाऱ्याला मी नाही म्हणतो.

पायरी ७: लाईनआउट, पाया, जोतं

लाईनआउटच्या (जमिनीवर घराची आखणी करायच्या) दिवशी स्वतः हजर राहा. काटकोन तपासायची सोपी रीत, कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फूट, दुसऱ्या दोरीवर ८ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं पाहिजे. पाव इंचाचा फरक इथे सोडला तर फरशी बसवताना भिंतीकडेला पाचर कापावी लागते.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून कमीत कमी दीड फूट, उताराच्या जागेत वरच्या अंगाने मोजून. मी दोन-अडीच फूट सुचवतो. जोत्यातला भराव हा मात्र सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. मुरूम ६-६ इंचाच्या थराने टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं (ठोकून दाबायचं), मग पुढचा थर. जेसीबीने एका दुपारी अडीच फूट भराव ढकलून वर फरशी बसवली की दोन पावसाळ्यांत पडवी खाली बसते आणि भिंतीला कडेने भेग दिसायला लागते, मग मालक म्हणतो घर खचलं. वाळवीचं औषधही ह्याच टप्प्यावर, आपल्याकडे वाळवी पाहुणी नाही, घरचीच आहे.

पायरी ८: चिरा बघून घेणं

साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच असा चिरा येतो, खाणीप्रमाणे थोडा कमीजास्त. ट्रक आला की सगळा उतरवायच्या आधी दहा-बारा चिरे हातात घेऊन बघा. चांगल्या चिऱ्यावर हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो, मऊ असेल तर बद्द. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे खड्डे असलेला, बोटाने खरवडल्यावर भुगा पडणारा चिरा भिंतीला घेऊ नका. शंका असेल तर एक रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी कडा दाबून बघा. जांभा खाणीतून निघाल्यावर मऊ असतो आणि हवेत कडक होत जातो, म्हणून आज काढलेला आणि आजच लावलेला नको, थोडे दिवस रचून ठेवलेला बरा. लावताना चिरा भिजवलेला पाहिजे, नाहीतर तो सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. बाहेरून प्लास्टर न करता नुसता दर्जा भरायचा (चिऱ्यांमधले सांधेच भरायचे) असेल तर गवंड्याला पहिल्या दिवशीच सांगा, कारण मग चिरे तासून, निवडून लावावे लागतात आणि त्याची मजुरी वेगळी.

खडी, वाळू ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणा, १०० ने भागा. मापाची टेप खिशात दिसली तरी माल बरोबर येतो. खाडीची खारी वाळू स्वस्त मिळते म्हणून स्लॅबला वापरू नका, मिठाने सळई आतून गंजते आणि दहा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडायला लागतात.

पायरी ९: स्लॅबच्या आदल्या दिवशी

स्लॅबच्या दिवशी मालक पेढे घेऊन येतात, खरं तर यायचं आदल्या दिवशी, आणि इंजिनिअरला घेऊन. सेंट्रिंगवर (स्लॅब ओतायच्या साच्यावर) चढा. सळई प्लेटला टेकलेली दिसली तर थांबवा, खाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) पाहिजेत, स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, आणि किनाऱ्याजवळ असाल तर इंजिनिअर वाढवून देईल तेवढे. वरची जाळी चालून चालून दबते, तिच्याखाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) लावल्यात का बघा. पडव्यांचा जो भाग बाहेर लटकतो तिथे मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि नवीन पोरगा ती खाली दाबून टाकतो, हे खास बघा. लाईटचे पाईप, पंख्याचे डबे, झोपाळ्याच्या कड्या, पाण्याच्या पाईपची भोकं मोजून घ्या.

अंदाज यावा म्हणून, १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण ४१७ घनफूट काँक्रीट, एम-२० ला (काँक्रीटची एक प्रत) ९०-९५ गोणी सिमेंट, बीम वेगळे. ६० गोण्यांत झालं म्हणणाऱ्याचं कौतुक करू नका. पाणी एका गोणीला २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर मिक्सरमध्ये बादली ओतत राहतो कारण पातळ माल ओढायला सोपा, तिथे कोणीतरी उभं पाहिजेच. व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) दोन मागवा, एक बंद पडतोच.

मग पाणी. स्लॅबवर आळी (कडेने छोटे बांध) करून १४ दिवस पाणी उभं ठेवा. टेकू काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, त्याला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात. १५ फुटांच्या आतल्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमखाली १४ ते २१. हे साध्या ओपीसी सिमेंटचे आकडे, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरलं असेल तर अजून थांबा.

कौलारू पडवी करताय तर उतार पुरेसा द्या, २ फूट आडव्याला १ फूट उभा तरी. दिसायला छान म्हणून उतार कमी केला की वाऱ्याने पाणी कौलाखाली उलटं चढतं.

पायरी १०: अंगण, गटार, गडगा

सगळ्या उताराचं तोंड घरापासून लांब. फरसबंदीला दर ५ फुटाला १ इंच उतार. बादलीभर पाणी ओतून बघायचं, बघता बघता गेलं पाहिजे. पेव्हर (काँक्रीटचे ब्लॉक) लावत असाल तर माणसं चालण्यापुरता ६० मिलिमीटर, गाडी येणार असेल तर ८०, आणि कडेने काँक्रीटची पट्टी, नाहीतर ब्लॉक सरकत जातात. गुळगुळीत फरशी बाहेर नकोच, जुलैमध्ये शेवाळ धरलं की आजी घसरली म्हणून समजा. माझं मत विचाराल तर घरासमोर दहा फूट चिऱ्याची किंवा खडबडीत फरशी आणि पुढे मातीचं खळं. दिवाळीनंतर चोपून, सारवून घ्यावं लागतं हे खरं, पण उन्हाळ्यात रात्री पेव्हर तापलेला असतो आणि माती गार. वर्षभर घर बंद राहणार असेल तर मात्र मातीच्या नादी लागू नका.

उताराच्या बाजूला माती अडवणारा गडगा असेल तर त्यात दर ५ फुटांवर पाणी जायला भोकं आणि मागे खडीचा थर. भोकं नसलेला गडगा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने पडतो, दरवर्षी गावात एक तरी पडतोच. ५ फुटांच्या वर उंची गेली तर इंजिनिअरकडून काढून घ्या.

पायरी ११: पहिला पाऊस आणि शेवटचा हप्ता

जूनमध्ये पहिले चार-पाच दिवस दणकून पडले की येऊन राहा, एकटे आलात तरी चालेल. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात ओल, स्लॅब आणि भिंतीचा सांधा, पाईप जिथे स्लॅबमधून जातात ती जागा, पडवीचा आतला कोपरा, बाथरूमच्या मागची भिंत, ह्या जागांचे तारखेसह फोटो काढा. गटारात पाणी उलटं येतंय का बघा. यादी करून कॉन्ट्रॅक्टरला पाठवा आणि दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये करून घ्या, भर पावसात लावलेलं वॉटरप्रूफिंग टिकत नाही, उगाच त्याच्या मागे लागू नका. त्या यादीतली सगळी कामं झाली, त्याने मीटरचा आणि सगळ्या पाईपलाईनचा हाताने काढलेला का होईना पण कागद दिला, बोअरच्या पंपाची आणि बाकीची वॉरंटी कार्डं दिली, की राहिलेले पैसे त्याच दिवशी देऊन टाका, आमचीही टोळी त्यावरच असते.